बोट तीच, काठ्या दुसऱ्या: ट्रोलिंगच्या तयार बोटीचा एक सौदा

मेम्फिसच्या आसपास राहणाऱ्या आणि उन्हाळ्यात क्रॅपी या गोड्या पाण्यातल्या माशाच्या मागे लागणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे लिहितेय. उत्तर मिसिसिपीत एक माणूस 'सगळ्या सामानासकट, तळ्यावर न्यायला तयार' अशी जुनी बोट विकतो. बोट खरी असते, इंजिन चालतं, कागदपत्रंही बरोबर असतात. फसवणूक होते ती सामानात, आणि फार शांतपणे होते. आमचे त्यात जवळजवळ तीन हजार डॉलर गेले.

आधी थोडं मासेमारीबद्दल, कारण त्याशिवाय ही लबाडी लक्षात येणार नाही. सार्डिस, ईनिड, ग्रेनाडा, अर्काबुटला ही चारही धरणं लष्कराच्या इंजिनिअर विभागानं पूर नियंत्रणासाठी बांधलेली. मेम्फिसहून सार्डिसला महामार्गानं साधारण तासाभराचा रस्ता. पांढऱ्या क्रॅपीचा जागतिक विक्रम ईनिडचाच आहे: १९५७ साली पकडलेला ५ पौंड ३ औंसांचा मासा. वसंतात हे मासे काठाला येतात, तेव्हा कुणीही एक काठी घेऊन धरू शकतो. जून उलटला, पाणी तापलं, की ते मोकळ्या पाण्यात दहा-पंधरा फुटांवर तरंगत राहतात आणि पांगतात. मग त्यांना शोधायचा उपाय म्हणजे ट्रोलिंग: क्रँकबेट नावाचं बनावट आमिष बोटीमागे ओढत हिंडणं. बँडिट ३०० सारखी दोन इंची आमिषं शंभर-सव्वाशे फूट तंगुसावर (नायलॉनच्या दोरीवर) मागे सोडायची आणि पुढच्या विजेच्या मोटरवर ताशी दीड ते दोन मैलांनी बोट चालवायची. माझं माहेर देवगडचं, गरवणं, म्हणजे गळानं मासे धरणं, लहानपणापासून हातात. पण आठ काठ्या एकदम सांभाळत मासे धरायचे असतात हे मी इकडे येऊन शिकले.

या आठ काठ्या एकसारख्या नसतात. या तळ्यांवर माणशी चार काठ्यांची मर्यादा आहे, म्हणून दोघांच्या आठ. दोन चौदा फुटी, दोन बारा, दोन दहा, दोन आठ. लांब काठ्या पुढे, आखूड मागे, म्हणजे तंगूस एकमेकांत गुंतत नाहीत. काठीचा शेंडा मऊ हवा आणि बुडखा दमदार. क्रॅपीचा जबडा पापुद्र्यासारखा असतो, ताठ काठीनं ओढलात की गळ फाडून मासा सुटतो. शेंडा मऊ असण्याचं दुसरं कारण नवख्यांना कुणी सांगत नाही. आमिष नीट डोलत असेल तर शेंडा सारखा थरथरतो. गळाला पान किंवा काडी अडकली की थरथर थांबते. आठ शेंडे एका नजरेत वाचता आले पाहिजेत, नाहीतर अर्धा तास कचरा ओढत हिंडाल आणि मासे नाहीत म्हणून तळ्याला दोष द्याल.

त्या माणसानं दाखवायला आणलेल्या बोटीवर हे सगळं उत्तम होतं. सतरा फुटी अॅल्युमिनियमची बोट, साठ हॉर्सपॉवरचं इंजिन, काठ्या अडकवायचे जाड लोखंडी रॉड होल्डर, प्रत्येक काठीवर फूट मोजणारं रीळ आणि मोटरला शंभर अँपिअर-अवरच्या दोन लिथियम बॅटऱ्या, एकूण चोवीस व्होल्टच्या. त्यानं आम्हाला तळ्यावर फिरवलं. ताशी १.६ मैल, आठही शेंडे थरथरत होते, तासाभरात मासेही लागले. इंजिन, हॉर्सपॉवर, ट्रेलरचे टायर हे तो सगळं माझ्या नवऱ्याला समजावत होता, ज्यानं आयुष्यात गळाला गांडूळ लावलेलं नाही. मी काठ्यांबद्दल विचारलं तर म्हणाला, "मॅडम, काठ्यांची काळजी करू नका, सगळ्या चांगल्या आहेत." बाई काठ्या वाचू शकते हे त्याच्या हिशेबातच नव्हतं. मी फोनवर थोडं चित्रीकरण केलं होतं ते मासा दिसतोय म्हणून. पुढे तेच उपयोगी पडलं.

साडेअकरा हजार ठरले. तसल्याच नुसत्या बोटीला साडेआठच्या आसपास भाव होता, म्हणजे वरचे तीन हजार सामानाचे. ताबा चार दिवसांनी द्यायचा होता. का, तर ट्रेलरचं बेअरिंग बदलून देतो म्हणाला. भलेपणा वाटला. ताब्याची जागा त्याचं घर नव्हे, महामार्गाजवळच्या पेट्रोल पंपाचं आवार, वेळ संध्याकाळची. काठ्या पिशव्यांत बांधलेल्या, बॅटऱ्या खोक्यात झाकणाखाली. इंजिन सुरू करून दाखवलं, सह्या झाल्या. पावतीवर त्यानं एकच ओळ लिहिली: बोट, ट्रेलर, मासेमारीचं सामान, आहे तसं. पैसे बँकेच्या अॅपवरून गेले, आणि तसे पाठवलेले पैसे परत बोलावता येत नाहीत.

पहिल्याच फेरीत काठ्यांनी मला सांगितलं. चौदा फुटीच होत्या, काळ्याच होत्या, क्रॅपीच्याच नावाच्या होत्या. पण त्या जिगसाठी वापरतात तसल्या हलक्या, स्वस्त काठ्या होत्या. जिग म्हणजे पाव औंसाहूनही हलकं आमिष, ते उभं खाली सोडायचं. त्या कामाला ही काठी छान. तिच्यावर खोल जाणारं क्रँकबेट ताशी दीड मैलांनी ओढलं की ती मध्यापर्यंत वाकते आणि तशीच राहते. शेंडा आधीच ताणलेला, तो थरथरणार कुठून? मासा लागला तर त्याच्या झटक्याला द्यायला काठीत काही उरतच नाही. दोन मासे बोटीजवळ येऊन सुटले, मग मी काठ्या आत घेतल्या.

रिळांचा घोळ समजायला आणखी वेळ लागला. रिळं दिसायला तशीच, फूट मोजणारीच, पण त्यांवर तंगूस अर्धाच भरलेला. हा मोजणारा आकडा खरं तर फूट मोजत नाही, रिळाचे फेरे मोजतो आणि रीळ काठोकाठ भरलंय असं धरून फूट दाखवतो. रीळ अर्धं असेल तर प्रत्येक फेऱ्याला कमी तंगूस सुटतो. आकडा शंभर दाखवत होता. गाडीतळावर टेप लावून मोजलं तर बाहेर सत्तरच्या आसपास. आमिष माशांच्या डोक्यावरून जात होतं. नुसता तंगूस कमी असता तर भरून घेता आला असता. पण चित्रीकरण मोठं करून पाहिलं तर रिळांची कंपनीच वेगळी निघाली. ती चांगली, ही निम्म्या किमतीची.

आणि बॅटऱ्या. त्या वेगाला आमची मोटर पंधरा अँपिअरच्या आसपास ओढते, म्हणजे शंभराची बॅटरी सहा तास तरी सहज चालायला हवी. आमची दोन-अडीच तासांतच मेली, तीही तळ्याच्या मधोमध. लिथियमचा स्वभाव असा की व्होल्टमीटरवर ती शेवटापर्यंत धडधाकट दिसते, त्यामुळे ताबा घेताना मीटर लावून काही कळत नाही. एका दुकानात ठरावीक भारावर रिकामी करून मोजून घेतली तर दोन्ही चाळीस अँपिअर-अवरच्या आसपासच निघाल्या. वरचं लेबल नवं, त्याखाली जुन्या लेबलाचा डिंक.

थोडक्यात, बोल्टनं बसवलेलं सगळं तेच होतं: मोटर, होल्डर, इंजिन, मासे शोधायचं सोनार यंत्र. हातानं उचलून नेता येतं ते सगळं त्या चार दिवसांत बदललं होतं. दाखवायचा संच तो बहुधा एकच ठेवतो आणि बोटीमागून बोटी त्यावरच विकतो. गिऱ्हाईक बोट बघतं, पोलीसही बोट बघतात. शेरीफच्या कार्यालयात आम्हाला सांगितलं की बोट चोरीची नाही, तेव्हा हा दिवाणी मामला. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, पण त्या माणसाला हेच उत्तर अपेक्षित असतं.

'आहे तसं' लिहिलं की सगळं संपलं असं बऱ्याच जणांना वाटतं. ते तसं नाही. जाहिरातीत जे वर्णन केलं, नमुना म्हणून जे दाखवलं, तेच द्यायचं हे तिथल्या व्यापारी कायद्यात आहे. पण वर्णन काय होतं हे तुम्हाला दाखवता आलं पाहिजे, आणि जाहिरात विक्रीनंतर तासाभरात उतरते. माझ्याकडे तिचं स्क्रीनशॉट होतं, कारण ते मी माझ्या वहिनीला कौतुकानं पाठवलं होतं. मिसिसिपीच्या जस्टिस कोर्टात साडेतीन हजार डॉलरपर्यंतचा दावा वकिलाशिवाय लावता येतो. आम्ही लावला. नोटीस पोचल्यावर त्याचा फोन आला, या वेळी मात्र तो माझ्याशीच बोलला. नऊशे डॉलर दिले, बाकीचं प्रकरण तारखेवर आहे.

अशी बोट घेणार असाल तर फिरवून आणलं त्याच दिवशी, त्याच धक्क्यावर पैसे द्या आणि ताबा घ्या. मध्ये एक रात्रही जाऊ देऊ नका, बेअरिंग तुमचं तुम्ही बदला. ते जमत नसेल तर प्रत्येक काठीच्या बुडख्यावरचं नाव आणि मॉडेल, प्रत्येक रिळाची कंपनी, बॅटऱ्यांचे अनुक्रमांक पावतीवर लिहून घ्या. 'मासेमारीचं सामान' ही ओळ मान्य करू नका. बॅटऱ्या खोक्यातून बाहेर काढायला लावा. बोटीच्या मागच्या फळीवर उजवीकडे बारा अक्षर-आकड्यांचा हल क्रमांक (बोटीच्या सांगाड्याचा नंबर) असतो, त्यातले शेवटचे दोन आकडे मॉडेलचं वर्ष सांगतात. तो नोंदणीशी ताडून बघा. आमच्याकडे तो जुळला, पण दुसऱ्या कुणाकडे जुळेलच असं नाही.

त्या माणसाची नवी जाहिरात गेल्या आठवड्यात दिसली. या वेळी बोट सोळा फुटी, हिरवी. फोटोत होल्डरवर आठ काठ्या लावलेल्या आहेत आणि डावीकडून दुसऱ्या रिळाच्या मुठीला निळी चिकटपट्टी आहे. ती पट्टी माझ्या चित्रीकरणातही आहे.