सीए इंटरची ‘अपेक्षित विषय’ पुस्तिका : बाराशे रुपयांना काय मिळाले

सप्टेंबर २०२५ मध्ये मी सीए (चार्टर्ड अकाउंटंट) परीक्षेच्या इंटरमीजिएट टप्प्याचा पहिला ग्रुप, म्हणजे अकाउंट्स, कायदा आणि कर हे तीन पेपर, दिला आणि त्यासाठी जळगावातील एका क्लासने काढलेली ‘अपेक्षित विषयां’ची पुस्तिका बाराशे रुपयांना विकत घेतली. क्लासचे नाव मुद्दाम देत नाही. अशा पुस्तिका अनेक ठिकाणी निघतात, त्यांची घडण बरीचशी सारखी असते आणि मला जे सांगायचे आहे ते थोड्याफार फरकाने त्या सर्वांना लागू पडेल. पुस्तिकेसोबत सहा तासांची ध्वनिचित्रफीत आणि प्रत्येक पेपरच्या आदल्या रात्री टेलिग्रामवर येणारी ‘उद्या हमखास’ नावाची यादी, असा हा सगळा संच आहे.

बी.कॉम.च्या तीन वर्षांत मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका चाळून, वारंवार येणारे प्रश्न निवडून माझे व्यवस्थित निभावले होते. त्यामुळे अपेक्षितवर माझा विश्वास आधीपासूनच होता, हे प्रामाणिकपणे सांगते. आजोबांचा मात्र नव्हता. पुस्तिका घरी आणली त्या दिवशी त्यांनी ती उलटसुलट पाहिली आणि अहिराणीत एवढेच विचारले, “पेपर काढनारा काय तुना मामा शे का?”

पुस्तिका हातात घेतल्यावर पहिले मत चांगले होते, हे नोंदवले पाहिजे. छपाई स्वच्छ आहे, बांधणी तारेची असल्यामुळे ती कुठेही उघडी राहते आणि अमळनेर ते जळगाव या रेल्वेच्या प्रवासात उभ्याने वाचतानाही त्रास होत नाही. अॅडव्हान्स्ड अकाउंटिंगच्या भागात लेखा मानकांचे एकेका पानातले सार दिले आहे आणि ते ज्याने लिहिले त्याला विषय नक्कीच कळतो. शेअर बायबॅकच्या (कंपनीने स्वतःचेच शेअर परत विकत घेण्याच्या) तीन कसोट्या, म्हणजे शेअरसंख्येची २५ टक्क्यांची, भरणा भांडवल आणि मुक्त राखीव निधी यांच्या २५ टक्क्यांची आणि कर्ज-भांडवल प्रमाणाची २:१ ची, या तिन्ही एकाच तक्त्यात मांडून सर्वांत लहान आकडा कसा निवडायचा, हे इतक्या नेटकेपणाने मला दुसरीकडे कुठे मिळाले नव्हते. हे पान मी परीक्षेच्या सकाळपर्यंत वापरले.

परंतु ही पुस्तिका सारांशाची म्हणून विकली जात नाही, ती भाकिताची म्हणून विकली जाते. प्रत्येक प्रकरणाला अ, ब किंवा क असा वर्ग दिलेला आहे. ‘अ’ म्हणजे येणारच, ‘ब’ म्हणजे येऊ शकते आणि ‘क’ म्हणजे वेळ उरला तर वाचा. या पद्धतीला विद्यार्थी एबीसी अॅनालिसिस म्हणतात, आणि हे नाव दुसऱ्या ग्रुपमधल्या कॉस्टिंगच्या पेपरातूनच उचललेले आहे, ही त्यातली गंमत. तिथे गोदामातल्या मालाचे वर्गीकरण असते. कोणत्या वस्तूवर वर्षभरात किती खर्च झाला हे खात्यात नोंदलेले असते आणि त्या आकड्यावरून वर्ग ठरतो. पुस्तिकेतला वर्ग ज्या आकड्यावरून ठरतो तो आकडा मी शोधून काढला आणि माझी पहिली तक्रार तिथेच सुरू होते.

शेवटच्या पानांवर ‘मागील वीस अटेम्प्ट’, म्हणजे मागच्या वीस परीक्षा, असा तक्ता आहे आणि कोणते प्रकरण किती वेळा आले याची मोजणी त्यात केलेली आहे. आता वस्तुस्थिती अशी की ही परीक्षा घेणाऱ्या संस्थेची (आयसीएआयची) नवी योजना १ जुलै २०२३ पासून लागू झाली आणि तिच्यानुसार इंटरची पहिली परीक्षा मे २०२४ मध्ये झाली. सप्टेंबर २०२५ च्या आधी नव्या योजनेचे पेपर झाले ते मे २०२४, सप्टेंबर २०२४, जानेवारी २०२५ आणि मे २०२५ असे चारच. उरलेले सोळा अटेम्प्ट जुन्या योजनांतले आहेत, जेव्हा इंटरला सहापेक्षा जास्त पेपर होते आणि अकाउंटिंगचे दोन पेपर दोन वेगवेगळ्या ग्रुपमध्ये होते. दोन वेगळ्या पेपरांतली वारंवारता एकत्र करून तिच्यावरून आजच्या एका पेपरचे भाकीत करणे, हे मूगडाळ आणि तूरडाळ एकाच चाळणीतून काढून प्रत ठरवण्यासारखे आहे. आमच्याकडच्या डाळमिलवरचा हमालही तसे करणार नाही.

दुसरी गोष्ट पेपरच्या रचनेची. नव्या योजनेत प्रत्येक पेपरमध्ये ३० गुण वस्तुनिष्ठ प्रश्नांना आहेत आणि ७० गुण लेखी उत्तरांना. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, हे खरे. पण हे ३० गुण अभ्यासक्रमाच्या कानाकोपऱ्यात पोहोचतात, आणि ‘क’ वर्गातले एखादे प्रकरण चौदा गुणांच्या प्रश्नात आले नाही तरी दोन गुणांच्या वस्तुनिष्ठ प्रश्नात येऊन बसू शकते. अकाउंट्स आणि कायद्याच्या लेखी भागात पहिला प्रश्न अनिवार्य असतो आणि पुढच्या पाचांपैकी चार सोडवायचे असतात. ऐकायला असे वाटते की एक प्रश्न सोडता येतो, म्हणजे तेवढ्या प्रकरणांना रजा देता येईल. प्रत्यक्षात एकाच प्रश्नात दोन-तीन वेगवेगळ्या प्रकरणांचे उपप्रश्न एकत्र असतात. सोडलेली तीन प्रकरणे एकाच प्रश्नात सोयीने येऊन बसत नाहीत. ती तीन प्रश्नांत विखुरतात आणि प्रत्येक ठिकाणी चार-पाच गुणांचा खड्डा पाडतात. पुस्तिकेच्या प्रस्तावनेत पर्यायी प्रश्नाचा उल्लेख मोठ्या अक्षरांत आहे, या विखुरण्याचा कुठेही नाही.

कंपनी कायद्याच्या पेपरमध्ये तर वर्गवारी साध्या हिशेबातही टिकत नाही. त्या पेपरचे दोन भाग आहेत: कंपनी कायदा आणि एलएलपी (मर्यादित दायित्व भागीदारी) कायदा यांना ७० गुण, इतर कायद्यांना ३० गुण. इतर कायद्यांत विषय तीनच: जनरल क्लॉजेस अॅक्ट, कायद्यांचा अन्वयार्थ आणि १९९९ चा फेमा (परकीय चलन व्यवस्थापन कायदा). तीन विषयांवर ३० गुण ठरलेलेच आहेत, ते संस्थेने स्वतः छापलेले आहेत. पुस्तिकेने या तिघांपैकी दोघांना ‘क’ दिला आहे, कारण वीस अटेम्प्टच्या तक्त्यात त्यांची हजेरी कमी दिसते. ज्यांनी ‘क’ म्हणून ते सोडले असतील त्यांनी पेपर हातात पडण्याआधीच हमखास गुणांपैकी मोठा वाटा गमावला.

करांच्या भागाबद्दल मात्र माझे मत दुहेरी आहे. तिथे भाकीत करणे तुलनेने सोपे असते, कारण कायदा ज्या वर्षी बदलतो त्या वर्षी तो बदल विचारला जाण्याची शक्यता जास्त असते, हे कोणत्याही शिक्षकाला ठाऊक असते. २०२४ च्या दुसऱ्या वित्त कायद्याने २३ जुलै २०२४ पासून भांडवली नफ्याचे दर बदलले. सूचिबद्ध शेअरवरील अल्पमुदतीच्या नफ्याचा दर १५ वरून २० टक्के झाला आणि दीर्घमुदतीचा १० वरून १२.५ टक्के. एकाच वर्षात तारखेच्या अलीकडे एक दर आणि पलीकडे दुसरा, असा प्रश्न काढण्याचा मोह कोणत्या परीक्षकाला आवरेल? पुस्तिकेने हा विषय ‘अ’ मध्ये ठेवला आहे, तारीख ठळक छापली आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंची उदाहरणे दिली आहेत. हे काम चोख आहे.

त्याच भागात दोन पानांनंतर मात्र प्राप्तिकराच्या कलम ८७अ ची करसवलत ६०,००० रुपये धरून एक पूर्ण उदाहरण सोडवले आहे. बारा लाखांपर्यंत कर नाही, ही बातमी फेब्रुवारी २०२५ पासून प्रत्येक वृत्तपत्रात आल्यामुळे लेखकाच्या डोक्यात ती बसली असावी. ती सवलत करनिर्धारण वर्ष २०२६-२७ पासूनची, म्हणजे २०२५-२६ मधल्या उत्पन्नापासूनची आहे. आमच्या परीक्षेला २०२५-२६ लागू होते, जिथे नव्या करप्रणालीत सात लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला २५,००० रुपयांची सवलत होती. ही चूक मला संस्थेच्या रिव्हिजन टेस्ट पेपरशी पडताळून पाहताना सापडली. मी क्लासला कळवले, तेव्हा “पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू” असे उत्तर आले. ज्यांच्याकडे ही आवृत्ती होती त्यांना टेलिग्रामवर एक ओळ पाठवायला काय हरकत होती, हे मला अजून समजलेले नाही.

टेलिग्रामवरची यादी हा या संचाचा सर्वांत वाईट भाग आहे. ४ सप्टेंबरला पहिला पेपर, आणि ३ तारखेच्या रात्री जीएसटी परिषदेने दरांचे टप्पे कमी केल्याची बातमी आली. अर्ध्या तासात गटावर गोंधळ उडाला, ९ तारखेच्या करांच्या पेपरला नवे दर येणार का, असे विचारणारे शेकडो संदेश, आणि यादी पाठवणाऱ्या शिक्षकांचे मोघम उत्तर, “दोन्ही पाहून ठेवा.” ते दर २२ सप्टेंबरपासून लागू व्हायचे होते आणि परीक्षेला सुमारे सहा महिने आधीपर्यंतच्याच अधिसूचना लागू असतात. एवढे एक वाक्य त्या रात्री कुणी लिहिले असते, तर अनेक जण दुसऱ्या दिवशीच्या अकाउंट्सकडे वेळेवर वळले असते. कायद्याचा पेपर ७ तारखेला, म्हणजे अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी होता. मी जळगावला मेहरूण भागात मावशीकडे उतरले होते, विसर्जनाचे ढोल रात्री उशिरापर्यंत चालू होते आणि साडेअकराला ‘उद्या हमखास’ची यादी आली, तिच्यात बारा कलमे होती आणि त्यांतली चार पुस्तिकेने ‘क’ मध्ये टाकलेली होती. पुस्तिका खरी की यादी खरी, असा प्रश्न मला रात्री पावणेबाराला पडला. मावशीने मोबाइल काढून घेतला, हे बरे झाले.

भाकितांचे आमच्या भागाला वावडे नाही. आखाजीला (अक्षय तृतीयेला) शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला घट मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊसपाण्याचे भाकीत सांगतात. जळगाव जिल्ह्यातले कितीतरी शेतकरी ते आवर्जून ऐकतात. पण तिथे भाकीत एकदाच होते आणि सर्वांदेखत होते. आदल्या रात्री ते बदलत नाही. आणि २०२५ च्या मे महिन्यात सीमेवरच्या परिस्थितीमुळे ९ ते १४ मे दरम्यानचे पेपरच संस्थेने पुढे ढकलले, तेव्हा कुणाच्याही यादीत ते नव्हते, हे माझ्या दुसऱ्या ग्रुपला बसलेल्या मैत्रिणीने मला तीनदा ऐकवले आहे.

पेपर संपल्यावर दोन दिवसांत क्लासची जाहिरात आली: ‘८५ टक्के पेपर आमच्या पुस्तिकेतून!’ मी वही घेऊन बसले. अ आणि ब हे वर्ग एकत्र धरले तर तिन्ही विषयांच्या अभ्यासक्रमाचा साधारण पाच षष्ठांश भाग त्यांत येतो, म्हणजे ८३ टक्के. एवढ्या भागावर बोट ठेवल्यावर ८५ टक्के पेपर त्यातून येणे यात भाकीत कसले? खरी परीक्षा फक्त ‘अ’ वर्गाची. तो अभ्यासक्रमाच्या एक तृतीयांशाएवढा आहे आणि माझ्या मोजणीप्रमाणे लेखी गुणांपैकी निम्म्याहून थोडे कमी गुण त्यावर होते. हे निश्चितच तृतीयांशापेक्षा जास्त आहे. मात्र ‘अ’ मधली बहुतेक प्रकरणे तीच आहेत ज्यांच्या विभागांना संस्थेने प्रसिद्ध केलेल्या गुणभारात मोठा वाटा दिलेला आहे, आणि तो गुणभाराचा तक्ता, रिव्हिजन टेस्ट पेपर आणि मॉक टेस्ट पेपर हे सर्व संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. तक्ता हातात घेऊन एका संध्याकाळी मी स्वतःच ‘अ’ची यादी करून पाहिली, तेव्हा पुस्तिकेच्या यादीपेक्षा तीनच प्रकरणे वेगळी निघाली.

माझा निकाल अकाउंट्स ५८, कायदा ५१, कर ४७ असा लागला, म्हणजे बेरीज १५६. ग्रुप निघण्यासाठी प्रत्येक विषयात ४० आणि एकूण १५० लागतात, तेव्हा मी सहा गुणांनी पार झाले. ‘क’ वर्गातली प्रकरणे मी शेवटच्या पंधरा दिवसांत, पुस्तिकेचा सल्ला न मानता, एकदा तरी वाचली होती. माझ्या मोजणीप्रमाणे त्यांच्यावरचे दहा-बारा गुण मला मिळाले असावेत. हे गुण वजा केले तर काय झाले असते ते मी आजोबांना सांगितलेले नाही.

घ्यायचीच असेल तर सारांशाची पाने आणि उजळणीचा क्रम यांसाठी घ्या. त्यासाठी सहाशे रुपये योग्य वाटले असते, बाराशे जास्त आहेत. ध्वनिचित्रफितीत पुस्तिकाच वाचून दाखवली आहे, तिच्याबद्दल वेगळे लिहिण्यासारखे काही नाही. टेलिग्रामचा गट पहिल्याच दिवशी बंद करून ठेवावा. माझी प्रत मी धरणगावच्या मामेभावाला दिली आहे, ८७अ चे उदाहरण लाल पेनाने दुरुस्त करून आणि अ, ब, क हे शिक्के खोडून. त्याची परीक्षा जानेवारी २०२६ ची होती आणि करांचे वर्ष तेच असल्यामुळे त्याला ती चालण्यासारखी होती. मे २०२६ पासून पुढे बसणाऱ्यांनी करांच्या भागासाठी जुनी प्रत घेऊ नये.