लघवीतलं आर्सेनिक कुठे मोजून घ्यावं: विद्यापीठाची सामायिक सुविधा की बाहेरची लॅब?

पर्यावरणाचा आरोग्यावर होणारा परिणाम अभ्यासायला घेतला की फ्रीझर भरतो आणि प्रश्न उभा राहतो: नमुने विद्यापीठाच्या सामायिक सुविधेत, म्हणजे अनेक गट मिळून वापरतात त्या प्रयोगशाळेत न्यायचे, की व्यावसायिक लॅबला पाठवून मोकळं व्हायचं? स्वतःचं आयसीपी-एमएस (आर्गॉन वायूच्या प्लाझ्मात नमुना तापवून त्यातली मूलद्रव्यं वस्तुमानावरून मोजणारं यंत्र) घेण्याचा पर्याय मी धरतच नाही. अनुदान संपल्यावर आर्गॉन कोण भरणार आणि यंत्र कोण सांभाळणार, याचं उत्तर तयार असेल तरच त्या वाटेला जावं.

मी दोन्हीकडून काम करून घेतलंय. वेगात बाहेरची लॅब पुढे, त्यात वाद नाही. कोरड्या बर्फात नमुने पाठवा, ठरल्या तारखेला तक्ता हातात. सुविधेत रांग असते, मध्येच कुणाचं तरी तातडीचं काम घुसतं, यंत्र बंद पडलं की सगळ्यांचंच अडतं. मुरलेला ऑपरेटर नोकरी सोडून गेला तर विचारूच नका.

तरीही माझा कल फिरला, तो वरवर किरकोळ वाटेल अशा गोष्टीने. बाहेरून आलेल्या तक्त्यात कमी आर्सेनिक असलेल्या रकान्यांत आकडाच नव्हता. नुसतं 'मर्यादेपेक्षा कमी', म्हणजे पद्धतीला खात्रीने ओळखता येईल त्या किमान प्रमाणाच्या खाली. एखाद्या रुग्णाच्या रिपोर्टला तेवढं पुरतं. आपला प्रश्न मात्र बहुधा कमी मात्रेच्या दीर्घ संपर्काचाच असतो. अशा जागी मर्यादेला २ च्या वर्गमुळाने भागून आलेली किंमत भरतात. हॉर्नंग आणि रीड यांच्या १९९० च्या लेखानंतर ही रीत चांगलीच रुळली, आणि असे रकाने मोजकेच असतील तर ती चालूनही जाते. पण निम्मा तक्ताच तसा निघाला, तर खालच्या टोकाला एकाच आकड्याचा ढीग साचतो. ज्यांच्याशी तुलना करायची त्या कमी संपर्कातल्या माणसांमधला फरकच पुसला जातो. मूळ वाचनं मागितली तर 'आमच्या पद्धतीत बसत नाही' असं अगदी नम्र उत्तर आलं. पुन्हा मागितली, पुन्हा तेच!

सुविधेत ती मागावीही लागली नाहीत. फाइलमध्ये प्रत्येक नमुन्याचं वाचन, ब्लँक (मुद्दाम चालवलेले कोरे नमुने), अधूनमधून चालवलेले प्रमाणित संदर्भ नमुने (ज्यांतलं प्रमाण आधीच माहीत असतं), सगळं होतं. मर्यादेखालच्या आकड्यांवर किती विसंबायचं ते आम्ही आणि आमचा संख्याशास्त्रज्ञ मिळून ठरवू शकलो.

दुसरा फायदा बोलण्याचा. लघवीतला क्लोराइड आर्गॉनशी जुळला की यंत्राला ७५ या वस्तुमानावर आर्सेनिकसारखाच दिसतो. हा भास गाळणारी हेलियमची कोलिजन सेल (यंत्रातला टक्कर-कक्ष) चालू होती का, हे ऑपरेटरला समोरासमोर विचारता येतं. त्यांनी तर नमुने गोळा करण्याआधीच डब्यांतूनच आर्सेनिक येत नाही ना हे पाहायला नव्या लॉटमधले काही डबे मागवले, आणि सहभागींनी अलीकडे मासे खाल्ले होते का हा प्रश्न प्रश्नावलीत घालायला लावला. सागरी अन्नातलं आर्सेनोबीटेन हे आर्सेनिकचं रूप जवळपास निरुपद्रवी, पण एकूण आर्सेनिकचा आकडा तेच फुगवतं. त्यासाठी आर्सेनिकची रूपं वेगळी करून मोजायला थोडा नमुना राखून ठेवा, हेही त्यांनीच सुचवलं. बाहेरची प्रत्येक लॅब इतक्या खोलात जात नसेल असं नाही. मला तरी ती भेटली नाही.

बाहेरच्या लॅबची एक बाजू मात्र खरोखर भक्कम आहे. सहभागींना त्यांचे वैयक्तिक निकाल सांगायचे असतील, तर आयएसओ १५१८९ (वैद्यकीय प्रयोगशाळांसाठीचं गुणवत्ता मानक) सारखी मान्यता असलेली लॅबच घ्यावी. अशी मान्यता सगळ्याच संशोधन सुविधांकडे नसते. फार मोठा आणि घाईचा अभ्यास असेल तरीही मी हट्ट धरणार नाही.

एरवी मात्र मी सुविधेच्या रांगेत उभा राहीन. तुमचा कल बाहेरच्या लॅबकडे असेल, तर करार करण्याआधी एवढं लेखी घ्या: मर्यादेखालची वाचनं आणि ब्लँकचे आकडे देणार का? 'हो' आलं, तर माझा निम्मा आक्षेप तिथेच गळून पडतो.