सॅन डिएगो कॉमिक-कॉन : जुन्या अंकांच्या पेट्यांपाशी

सॅन डिएगो कॉमिक-कॉन, म्हणजे कॅलिफोर्नियात दर जुलैत भरणारा कॉमिक्सचा मोठा मेळा, म्हटलं की बहुतेकांना हॉल एच आठवतो. साडेसहा हजार खुर्च्या, रात्रभर बाहेर लागलेली रांग आणि नव्या सिनेमांच्या झलका. जुने कॉमिक्स जमवणाऱ्याला त्या रांगेशी काही देणंघेणं नाही. त्याची जत्रा त्याच इमारतीच्या दुसऱ्या टोकाला, प्रदर्शनाच्या हॉलमधल्या कमी क्रमांकाच्या गल्ल्यांत, 'गोल्ड अँड सिल्व्हर पॅव्हिलियन'च्या आसपास भरते (गोल्ड, सिल्व्हर ही कॉमिक्सच्या जुन्या कालखंडांची नावं). हे परीक्षण तेवढ्याच भागाचं आहे. मत आधीच सांगून टाकतो : स्वस्तात माल घ्यायचा असेल तर अमेरिकेतले लहान शहरांतले मेळे बरे. जुने अंक कसे बघायचे, कसे हाताळायचे, कसे जपायचे हे मात्र इथल्यासारखं दुसरीकडे क्वचितच शिकायला मिळतं, आणि शिकवणारे त्याचे पैसे घेत नाहीत.

ही सवय मेळ्याच्या जन्मापासूनची आहे. मेळ्याच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या शेल डॉर्फला डेट्रॉइटमध्ये असे मेळे भरवण्याचा अनुभव होता. सॅन डिएगोला आल्यावर १९६९ मध्ये तो तिथल्या शाळकरी पोरांना घेऊन थेट जॅक कर्बीच्या घरी गेला. कॅप्टन अमेरिका आणि फँटॅस्टिक फोर उभे करणाऱ्या चित्रकारानं त्या पोरांना घरात घेतलं, त्यांच्याशी गप्पा मारल्या. २१ मार्च १९७० ला एक दिवसाचा छोटा मेळा झाला आणि १ ते ३ ऑगस्टला यू. एस. ग्रँट हॉटेलात पहिला तीन दिवसांचा. माणसं सुमारे ३००. सुरुवातीचा पैसा घातला रिचर्ड आल्फनं. वय विशीच्या आत, धंदा पोस्टानं जुने कॉमिक्स विकण्याचा. विज्ञानकथाकार रे ब्रॅडबरी मानधन न घेता बोलायला आला. आज १,३०,००० च्या वर लोक येतात, तरी मेळा भरवणारी संस्था अजून ना-नफा तत्त्वावरच चालते आणि कामाचा मोठा भार स्वयंसेवक उचलतात. कॉमिक्ससाठी दिल्या जाणाऱ्या आयझनर पुरस्कारांची व्यवस्था १९९० पासून पाहणाऱ्या जॅकी एस्ट्राडा यांनी पहिल्या वर्षापासून एकही मेळा चुकवलेला नाही. पेट्यांमागे बसलेल्या विक्रेत्यांतही तीस-चाळीस वर्षं या धंद्यात असलेले पुष्कळ. त्यांच्याकडे पाहिलं की हा छंद उतारवयात उतरत नाही, मुरत जातो, हे कळतं.

आता पेट्यांकडे. पांढऱ्या पुठ्ठ्याच्या लांब पेटीत पिशवी-पुठ्ठ्यासह (प्रत्येक अंकाची प्लास्टिकची पिशवी आणि पाठीमागे आधाराचा पुठ्ठा) दोनशेच्या वर अंक बसतात, आखूड पेटीत दीडशेच्या आसपास. नवखा माणूस पेटीत हात घालतो आणि पिशवीचा वरचा कोपरा चिमटीत धरून अंक उपसतो. तिथेच कोपरा दुमडतो, आणि दुमडीवरची शाई उडाली की ती पांढरी रेघ परत जात नाही. बरोबर पद्धत अशी : पुढचे अंक हलक्या हातानं आपल्याकडे कलते करायचे, हवा असलेला अंक दोन्ही कडांना धरून सरळ वर उचलायचा, आणि त्याची जागा राहावी म्हणून मागचा अंक थोडा वर काढून ठेवायचा. पेटी घट्ट भरलेली असेल तर ओढाताण करू नये. विक्रेत्याला सांगितलं की तो दहा-पंधरा अंक काढून जागा करून देतो.

पिशवीतून अंक काढायचा तर आधी विचारावं. बहुतेक जण 'काढा' म्हणतात, पण महागडा अंक स्वतः काढून दाखवतात, आणि ते पाहण्यासारखं असतं. चिकटपट्टी आधी पूर्ण सोडवायची आणि पेटीच्या कडेला किंवा टेबलावर लावून ठेवायची. ती पिशवीच्या झाकणावरच लोंबकळत राहिली, की अंक बाहेर सरकताना मुखपृष्ठाला चिकटते आणि कागदाचा पापुद्रा घेऊन निघते. पन्नास वर्षं धड राहिलेला अंक दोन सेकंदांत खराब होतो. जुने विक्रेते पट्टीचं एक टोक आत दुमडून ठेवतात म्हणजे पुढच्याला नखानं खरवडावं लागत नाही. न पाहिलेल्या, कदाचित कधीच न भेटणाऱ्या गिऱ्हाइकासाठी केलेली ही सोय आहे. कुठल्या टेबलापाशी जास्त वेळ घालवायचा हे ठरवायला ही एक खूण पुरते.

अंक हातात आला की काय बघायचं? आधी कणा : पिनांभोवतीच्या आडव्या चुण्या मोजायच्या. मग पिना : गंज आहे का, आणि गंजाचा डाग कागदात उतरलाय का. मग मधलं जोडपान दोन्ही पिनांना धरून आहे की सुटलंय. नेहमीच्या अंकात मुखपृष्ठ सोडून ३२ पानं असतात, ती मोजायची. पानं मोजणं वेंधळेपणाचं वाटतं म्हणून लोक टाळतात आणि फसतात. याचं सगळ्यांत बोलकं उदाहरण म्हणजे 'द इन्क्रेडिबल हल्क'चा १८१ वा अंक, नोव्हेंबर १९७४ चा, ज्यात वुल्व्हरिन हा पुढे गाजलेला नायक पहिल्यांदा पूर्ण कथाभर दिसतो. त्या काळात मार्व्हल ही प्रकाशन कंपनी आपल्या अंकांत वाचकांच्या पत्रांच्या पानावर कापून चिकटवायचा, तिकिटासारखा एक शिक्का छापत असे. पोरांनी तो कात्रीनं कापला, त्यासाठीच तो होता. त्यामुळे बाहेरून झळझळीत दिसणाऱ्या प्रतीत आत चौकोनी भोक सापडतं आणि किंमत कोसळते. चांगला विक्रेता हे पान न विचारता उघडून दाखवतो. जो 'कशाला उघडता, छान आहे' म्हणतो त्याच्याकडून हा अंक घेऊ नये.

दुसरं उदाहरण किमतीच्या चौकटीचं. १९७७ च्या 'स्टार वॉर्स'च्या पहिल्या अंकावर किंमत ३० सेंट आहे. पण काही थोड्या प्रती ३५ सेंट छापून चाचणी म्हणून मोजक्या भागांत विकल्या गेल्या. त्या फार मोलाच्या. अडचण अशी, की पुढच्या काही पुनर्मुद्रणांवरही ३५ सेंटच आहेत. म्हणून आकडा बघून हुरळून जायचं नाही, 'रीप्रिंट' हा शब्द कुठे छापलाय का ते शोधायचं. हा फरक समजावताना इथले विक्रेते दोन्ही प्रती शेजारी शेजारी ठेवतात आणि समोरचा विकत घेणार नाही हे माहीत असूनही दहा मिनिटं देतात.

रंग भरून, कडा कापून सुधारलेल्या प्रतीही येतात. मुखपृष्ठाची आतली बाजू उजेडाकडे धरली तर शाईपेनाचा काळा रंग आरपार उतरलेला दिसतो. कडा संशयास्पद सरळ आणि पांढऱ्याशुभ्र असतील तर त्याच मालिकेचा दुसरा अंक मागून घेऊन मापाला माप लावावं. सीजीसी ही अंकांना ०.५ ते १० असे गुण देऊन पारदर्शक कवचात बंद करणारी कंपनी २००० मध्ये सुरू झाली. महागड्या अंकासाठी ते कवच सोयीचं आहे, वाद मिटतो. पण कवचातला अंक उघडता येत नाही, त्याचा कागद बोटांना लागत नाही. शिकायचं असेल तर उघड्या पेट्याच बऱ्या.

जाताना यादी न्यावी, आणि ती कागदावर. मालिका, क्रमांक, वर्ष, कुठल्या स्थितीतली प्रत चालेल आणि जास्तीत जास्त किती देणार. शेवटचा रकाना दुमडून आत ठेवावा, बाकीची यादी विक्रेत्याच्या हातात द्यावी. इथे या मेळ्याचा खरा स्वभाव दिसतो. स्वतःकडे नसलेला अंक कुठल्या टेबलावर आहे हे विक्रेते सांगतात. शेजारचा तर प्रतिस्पर्धीच, पण 'त्याच्या तिसऱ्या पेटीत बघा' हे वाक्य दिवसभर कानावर पडतं. रांगेत शेजारी उभा असलेला संग्राहक यादीवर नजर टाकतो आणि आपल्याकडच्या दुबार प्रतीची अदलाबदल सुचवतो. आपणही चार-पाच दुबार अंक सोबत ठेवावेत. नुसतं घेत राहणाऱ्यापेक्षा देणाऱ्याशी लोक जास्त मोकळे होतात.

भाव करायला हरकत नाही, पण एकेका अंकावर घासाघीस करण्यापेक्षा गठ्ठा करून एक आकडा विचारावा. रविवारी दुपारी माल परत न्यायचा कंटाळा असतो, तेव्हा उतार मिळतो. हवा असलेला दुर्मीळ अंक मात्र रविवारपर्यंत थांबत नाही. तो बुधवारच्या प्रीव्ह्यू नाइटला, म्हणजे मेळ्याच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी ६ ते ९ मध्येच पाहावा. लहान मूल सोबत असेल तर त्याला स्वतः पेटी चाळू द्यावी. त्याच्या गठ्ठ्यात एखादा अंक जास्तीचा फुकट टाकणारे विक्रेते इथे भरपूर आहेत.

देण्याचा दुसरा प्रकार पेट्यांपासून दूर चालतो. रॉबर्ट हाइनलाइन या विज्ञानकथाकाराच्या नावाचं रक्तदान शिबिर १९७० च्या दशकापासून या मेळ्यात भरतं. भारतातून नुकत्याच आलेल्या माणसाला मलेरियाच्या नियमामुळे सहसा परत पाठवतात, तेव्हा नाव नोंदवण्याआधी विचारून घ्यावं. 'हीरो इनिशिएटिव्ह' ही २००० साली सुरू झालेली संस्था म्हाताऱ्या, आजारी चित्रकार-लेखकांना औषधपाण्यासाठी आणि घरभाड्यासाठी मदत करते. गरज खरी आहे : जुन्या काळात पानाच्या दरानं पैसे मिळत, हक्क कंपनीचे, पेन्शन नाही. अशा संस्थेच्या टेबलावरून रेखाटन किंवा सहीचा अंक घेतला तर ते पैसे त्या हातांपर्यंत पोचतात ज्यांनी आपलं बालपण रंगवलं.

आता उणं. गर्दी इतकी, की शनिवारी पेटीपुढे नीट उभं राहता येत नाही. पाठीवरच्या पिशवीचे धक्के बसतात आणि हातातला अंक धोक्यात येतो. गुरुवारी सकाळी साडेनऊला दार उघडताच जावं. टेबलाचं आणि हॉटेलचं भाडं चढल्यामुळे भाव चढे असतात. जुने विक्रेते कमी होत चाललेत. माइल हाय कॉमिक्सनं ४४ वर्षांनंतर, २०१७ मध्ये, इथलं दुकान बंद केलं. सिनेमा आणि खेळण्यांच्या मंडपांनी वाढत वाढत कॉमिक्सच्याच मेळ्यात कॉमिक्सला कोपऱ्यात नेलं, हे दुखतं. आयोजकांनी या गल्ल्यांसाठी भाडं वेगळं ठेवायला हवं. प्रवेशिका दारावर मिळत नाही. आधी फुकट सदस्य-क्रमांक काढायचा, मग ऑनलाइन विक्रीच्या दिवशी नशीब आजमावायचं. १२ वर्षं आणि त्याखालच्या मुलांना प्रवेशिका घेतलेल्या मोठ्या माणसासोबत पैसे पडत नाहीत.

कॅलिफोर्नियात राहणाऱ्या किंवा जुलैत मुलांकडे गेलेल्या मराठी माणसाकडे इथे देण्यासारखं एक खास काही असू शकतं : माळ्यावरच्या ट्रंकेतले इंद्रजाल. टाइम्स समूहाचं इंद्रजाल कॉमिक्स मार्च १९६४ ला सुरू झालं, एप्रिल १९९० ला थांबलं. इंग्रजी मालिकेचे ८०३ अंक, आणि मराठीतही ते निघत. आपला 'वेताळ' म्हणजे ली फॉकचा फँटम. भारतीय आवृत्तीत त्याच्या देशाचं नाव बदलून डेंकाली केलेलं. फँटम जमवणारे जगभर आहेत. ऑस्ट्रेलियात फ्रू प्रकाशन १९४८ पासून, स्वीडनमध्ये 'फँटोमेन' १९५० पासून आजतागायत तो छापतंय. अशा संग्राहकाला देवनागरी अक्षरांतला कवटीची अंगठीवाला वेताळ दाखवून बघा. फाटकी दुबार प्रत असली तरी चालेल, मोबदला मागू नका. मुखपृष्ठावरची अक्षरं मात्र वाचून दाखवा.

घरी आणल्यावरचं काम. पिशव्या तीन मापांत मिळतात : करंट ६ ७/८ इंच रुंद, सिल्व्हर ७ १/८, गोल्डन पावणेआठ, उंची साडेदहा. १९६०-७० च्या अंकांना सिल्व्हर लागते, करंटमध्ये कोंबले तर कणा वळतो. इंद्रजाल किंवा अमर चित्र कथा यांना यातलं कुठलं बसेल ते फुटपट्टीनं मोजूनच घ्यावं. साधी पॉलिप्रॉपिलिन पिशवी पाच-सात वर्षांनी बदलायची, पुठ्ठाही तेव्हाच. पुठ्ठ्याची चकचकीत बाजू अंकाकडे ठेवायची, उलटी नाही. महत्त्वाच्या अंकांना मायलार (जाड पारदर्शक पॉलिएस्टरची पिशवी) घ्यावं. ते कडक असतं, टिकतं, पण त्याच्या धारदार तोंडातून अंक सरकवताना कोपरे सांभाळावे लागतात. म्हणून आधी पुठ्ठा, त्याच्या आधारानं अंक.

अमेरिकेतच कुणाला पाठवायचे असतील तर पोस्टाच्या स्वस्त 'मीडिया मेल'नं पाठवू नयेत. कॉमिक्समध्ये जाहिराती असतात म्हणून ते त्या दरात बसत नाहीत आणि पार्सल अडकतं. भारतात येताना अंक हातातल्या बॅगेत, दोन जाड पुठ्ठ्यांच्या मध्ये, आडवे. मेळा संपतो तेव्हा मुंबई-कोकणात पाऊस भर जोरात असतो. आल्या दिवशी पेटी उघडायची घाई करू नये. कोरड्या खोलीत, भिंतीपासून हातभर दूर, जमिनीपासून वर ठेवावी, आत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात आणि हवेतला ओलावा पन्नास टक्क्यांच्या आत आहे असं बघून मगच एकेक अंक बाहेर काढावा, नाहीतर आधी पिना गंजतात.