लेंडीचा फोटो मागणारा विक्रेता

गिनीपिग विकून पैसे हातात पडल्यावरही जो विक्रेता आपणहून चौकशी करत राहतो, त्याचं कौतुकच वाटतं. आमच्या चिंगीचा विक्रेता तसाच होता. ‘रोज लेंड्यांचा फोटो पाठवत जा, पोटाचं सगळं त्यातून कळतं,’ म्हणाला. हे निम्मं खरं आहे, आणि त्या निम्म्यावरच त्याचा धंदा चालतो.

एकदा पिंजऱ्यात नेहमीच्या टणक, तपकिरी, लांबट लेंड्यांमध्ये एखाद-दुसरी मऊ, गडद, ओलसर लेंडी दिसली. फोटो जायचा अवकाश, उत्तर आलं: ‘जंत झालेत. उशीर केलात तर जीव जाईल.’

ते जंत नव्हतेच. गिनीपिग दोन प्रकारच्या लेंड्या टाकतो. टणक लेंडी टाकाऊ असते. मऊ लेंडी मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला असलेल्या पिशवीत, अंधांत्रात, तयार होते. तिच्यात ब जीवनसत्त्वं आणि प्रथिनं असतात आणि तो ती बाहेर पडतानाच तोंडाने उचलून खातो. त्यामुळे एरवी ती आपल्याला दिसत नाही. कधी एखादी राहिली तर बिघडत नाही. वारंवार पडून राहायला लागली तर मात्र दाखवावं, कारण लठ्ठपणामुळे किंवा दुखण्यामुळे त्याला वाकता येत नसेल. आणि जंतांची अंडी पाहायची तर लेंडी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावी लागते. फोटोवरून जंत ओळखणारा माणूस पोपटवाल्या ज्योतिषाच्याच पंक्तीतला.

चिंगी वाळलेलं गवत किती खाते, हे त्याने एकदाही विचारलं नाही. ज्याच्या आहाराचा बहुतेक भाग गवतच असायला हवा, त्याच्या पोटाबद्दल बोलताना पहिला प्रश्न तोच हवा ना?

त्याने पाठवलेल्या पुड्यांवर ना औषधाचं नाव होतं ना मात्रा. ‘घरचा फॉर्म्युला आहे.’ पावडर पाण्यात कालवून सिरिंजने द्यायची. सुरू केल्यावर चिंगीचं खाणं मंदावलं, लेंड्या बारीक आणि कोरड्या झाल्या, मग थेट पातळ जुलाब. घाबरून कळवलं तर म्हणतो, ‘घाण बाहेर पडतेय, औषध लागू पडलं! आता दिवसभर उपाशी ठेवा.’ या वाक्याचा मला आजही संताप येतो. गिनीपिगचं आतडं सतत भरलेलं आणि हलतं राहावं लागतं. त्याने अर्धा दिवस जरी तोंडाला काही लावलं नाही तरी ती तातडीची बाब असते. आणि पातळ जुलाब झाले तर फोनवर वेळ न घालवता डॉक्टरकडेच धाव घ्यायची.

डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, ‘काय दिलंत?’ विक्रेता नाव सांगेना. शेवटी डॉक्टरांनीच फोन हातात घेतला, तेव्हा बोलला: अमॉक्सिसिलिन, म्हणजे जिवाणू मारणारं अँटिबायोटिक. माणसांची कॅप्सूल फोडून केलेली पावडर. कुत्र्या-मांजरांना हे औषध सर्रास देतात, जंतांवर ते चालतच नाही, आणि गिनीपिगला पोटातून दिलं तर ते जिवावर बेतू शकतं. त्याच्या आतड्यातले चारा पचवणारे जिवाणू मरतात, क्लॉस्ट्रिडियम नावाचे घातक जिवाणू माजतात आणि त्यांचं विष अंगात भिनतं. अ‍ॅम्पिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन यांचंही तसंच. म्हणजे दुखणं नव्हतंच. ते पुडीतून आलं.

चिंगी वाचली. कातडीखाली सलाइन, वेदनाशामक, सिरिंजने भरवलेला गवताच्या भुकटीचा लगदा, असं बरंच करावं लागलं. उतरलेलं वजन भरून यायला फार वेळ गेला. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तिचं वजन मी आता नियमित करते. लेंडी बिघडायच्या आधी बहुधा काटाच बोलतो.

पैसे परत मागितले तर विक्रेत्याने पावती वाचायला सांगितली. तिच्यावर औषध असा शब्दच नाही, ‘पूरक आहार’ एवढंच छापलंय. तेव्हा कोणी पुडी देऊ लागला तर आतल्या घटकाचं नाव आणि मात्रा लेखी मागा, आणि ते लिहून मिळेपर्यंत पुडी फोडू नका. आमच्या विक्रेत्याने आता दुसऱ्या नावाने खातं उघडलंय. पहिला मेसेज तोच असतो: ‘लेंडीचा फोटो पाठवा.’