चिऱ्याची भिंत आणि हार्डवेअरची चार दुकानं : दोन घरांच्या दुरुस्तीनंतरचा अनुभव

दापोली तालुक्यातलं सासरचं घर आणि पुण्यातला आमचा जुना फ्लॅट, दोन्हींची डागडुजी गेल्या पावसाळ्याच्या आधीपासून चालू आहे. सुतार आणि गवंडी कामापुरते येतात. बाकीची ठोकाठोकी, भोकं पाडणं, कड्या-बिजागऱ्या बसवणं मी स्वतः करते, आणि खरेदी तर सगळी माझीच. माल चार ठिकाणांहून घेतला : पुण्यातली बोहरी आळी, फ्लॅटच्या कोपऱ्यावरचं दुकान, ऑनलाइन आणि तालुक्याच्या गावातलं हार्डवेअर. किमती मी वहीत लिहून ठेवत गेले. ती वही आणि हाताला आलेला अनुभव, दोन्हींच्या आधारावर हे लिहिते आहे.

मत आधीच सांगते. नावाजलेल्या कंपनीचं मशीन कुठंही घ्या, किमतीत फार फरक पडत नाही. फरक पडतो तो स्क्रू, बिट, बिजागरी, चकती, वायर अशा किरकोळ मालात आणि माल बिघडल्यावर कोण दारात उभं करून घेतं त्यात. आणि ज्या गल्ल्यावर माल काढण्याआधी ‘कशाला लावायचंय?’ असं विचारतात, तिथं चार पैसे जास्त देऊनही माझा एकूण खर्च कमी झाला आहे.

ड्रिल मशीनपासून सुरुवात करते. १३ मिमी चकचं (चक म्हणजे बिट पकडणारा जबडा) साधं इम्पॅक्ट ड्रिल घ्यायचं होतं. बोहरी आळीतल्या दोन दुकानांत, अधिकृत डीलरकडे आणि ऑनलाइन भाव काढला. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महाग यांत जेमतेम दोनशे रुपयांचं अंतर निघालं. त्यातही एक मेख होती. आळीत सांगितलेला भाव बिलाशिवायचा होता. पक्कं बिल म्हटलं की १८ टक्के जीएसटी वर, म्हणजे स्वस्त वाटणारं दुकानच सगळ्यात महाग. भाव विचारताना पहिल्याच वाक्यात ‘पक्क्या बिलासकट सांगा’ म्हणायचं, नाहीतर तुलनेला अर्थच राहत नाही. वॉरंटी बिलावर चालते. सर्व्हिस सेंटरवाला मशीन हातात घेण्याआधी बिल मागतो आणि त्यावर विकणाऱ्याचा जीएसटी नंबर आणि मशीनचा अनुक्रमांक आहे का ते बघतो.

मी ड्रिल अधिकृत डीलरकडून घेतलं, कारण त्यानं विचारलं, भिंत कसली आहे. फ्लॅटमध्ये पडद्याची पट्टी ज्या ठिकाणी लावायची होती तिथं मागं काँक्रीटचा बीम आहे. तो म्हणाला, “ताई, बीमला हे ड्रिल पुरणार नाही. त्याला रोटरी हॅमर लागतो. पण चार भोकांसाठी हॅमर विकत घेऊ नका, दिवसाच्या भाड्यानं मिळतो.” इम्पॅक्ट ड्रिल दाते एकमेकांवर घासून बारीक ठोके देतं, तर हॅमरमध्ये हवेच्या दाबानं चालणारा दट्ट्या बिटाच्या मागं खरा घाव घालतो. म्हणून विटेच्या भिंतीत सहज शिरणारं ड्रिल काँक्रीटवर नुसतं तापत बसतं. त्या माणसानं मोठी विक्री सोडून मला बरोबर सल्ला दिला. त्यानंतर कानस, पाने, पक्कड जे काही घेतलं त्यातलं बरंचसं त्याच्याकडूनच घेतलं. हातहत्यारांत मी नाशिकच्या सातपूरला कारखाना असलेल्या टपारियाची पक्कड आणि स्क्रू ड्रायव्हर वापरते. कोकणातल्या दमट हवेत पक्कडीचा सांधा अजून मोकळा चालतो, जबड्याची धारही टिकून आहे. छापील किंमत आणि प्रत्यक्ष विक्रीची किंमत यांत हातहत्यारांवर मोठी तफावत असते, म्हणून ‘एमआरपीवर चाळीस टक्के सूट’ या पाटीला मी काही किंमत देत नाही. शेवटचा आकडा काय, तेवढंच वहीत लिहिते.

बोहरी आळीबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण पुण्यात किरकोळ हार्डवेअरचा भाव तिथंच ठरतो असं मला वाटतं. रविवार पेठेतल्या त्या अरुंद गल्लीत गाडी घेऊन जाणं व्यर्थ आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये मंडईचं मेट्रो स्टेशन सुरू झालं तेव्हापासून मी मेट्रोनंच जाते. स्क्रूचा खोका, टॉवर बोल्ट, हँडल, ड्रॉवरचे चॅनेल, कुलपं यांचा भाव कोपऱ्यावरच्या दुकानापेक्षा पाव ते तिसरा हिस्सा कमी पडला. अट एकच : खोकाभर घ्यायचं. ‘पस्तीस बाय आठचे’ स्क्रू वीस नग मागितले तर दुकानदार तोंड फिरवतो, आणि त्याचंही बरोबर आहे, त्याचा धंदा घाऊक आहे. मागायचं मात्र नेमकं. लांबी मिलिमीटरमध्ये आणि जाडी नंबरानं, पाइप आणि बोल्ट अजूनही सुतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे डोक्यात पक्कं असेल तर गल्ल्यावरचं बोलणं झटपट होतं. सुरुवातीला मला बऱ्याच ठिकाणी ‘मॅडम, मिस्त्रीला पाठवा’ असं ऐकावं लागलं. हे मला खटकलं आणि अजूनही खटकतं. घरातलं काम बाई करते, तिला माप कळतं, हे गृहीत धरायला काय हरकत आहे? नमुना हातात घेऊन आणि माप बोलून माल मागायला लागल्यावर तो सूर बदलला.

आळीतली सगळ्यात मोठी परीक्षा बिजागऱ्यांची झाली. कोकणातल्या घराच्या दारांना ‘एसएस ३०४’ (स्टेनलेस स्टीलची एक ग्रेड) म्हणून चार इंची बिजागऱ्या एका दुकानातून घेतल्या. पहिल्या पावसातच त्यांच्यावर तांबूस डाग चढले. ३०४ पोलादात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०२ या हलक्या ग्रेडमध्ये निकेल त्याच्या निम्म्याच्या आसपास आणि ती तूट मँगनीजनं भरलेली. निकेल महाग, म्हणून २०२ स्वस्त, आणि दिसायला दोन्ही सारखीच. बरेच जण लोहचुंबक लावून बघतात, पण चुंबक दोन्हींना धड चिकटत नाही, त्यामुळे त्या परीक्षेनं हाती काही लागत नाही. तपासायचं एक द्रव मिळतं. त्याचा थेंब टाकून छोट्या बॅटरीचा प्रवाह दिला की मँगनीज जास्त असलेल्या धातूवर लाल रंग येतो. माझ्या बिजागऱ्यांवर आला. दुकानदाराला दाखवल्यावर त्यानं खांदे उडवले, कारण बिलावर नुसतं ‘एसएस हिंजेस’ लिहिलेलं होतं. आता मी बिलावर ग्रेड लिहून घेते आणि जो लिहून देत नाही त्याच्याकडून स्टील घेत नाही. पुढच्या बिजागऱ्या त्याच आळीतल्या दुसऱ्या दुकानातून घेतल्या. भाव दीडपट होता, पण तिथल्या काकांनी द्रवाची बाटली स्वतःच काढली, माझ्यासमोर थेंब टाकला आणि विचारलं, “समुद्रापासून किती लांब?” समुद्र दिसत असेल तर ३०४ लाही खारी हवा डाग पाडते, तिथं दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असलेलं ३१६ लागतं, असं त्यांनी सांगितलं. आमचं घर डोंगराच्या आतल्या बाजूला आहे, म्हणून ३०४ चाललं. पावसाळा काढून त्या बिजागऱ्या आजही स्वच्छ आहेत.

ऑनलाइनचं थोडक्यात सांगते. दुकानात सहसा न मिळणाऱ्या वस्तू, म्हणजे लांब बिट, खास मापाचे होल सॉ (मोठं गोल भोक कापणारी करवत), अंतर मोजायचं लेझर, यांसाठी ऑनलाइन उत्तम. घरपोच येतं, भाव उघड दिसतो, मूळ देश आणि विकणाऱ्याचं नाव लिहिणं २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी बंधनकारक आहे. पण विकणारा कोण आहे ते दर वेळी बघावं लागतं. एका संकेतस्थळावरून मागवलेल्या बॅटरीच्या स्क्रू ड्रायव्हरच्या खोक्यावर उत्पादनाचा महिना दोन वर्षांपूर्वीचा होता. लिथियमची बॅटरी इतका काळ पडून राहिली की तिची ताकद आधीच उतरलेली असते. बदलून मिळाला, पण त्यासाठी फोटो, व्हिडिओ आणि बरेच फोन लागले. दुसरी अडचण मापाची. एसडीएस प्लस बिटाला खाचांची दांडी असते, ती हॅमरमध्येच बसते, साध्या चकमध्ये नाही. दुकानात बिट काढणारा हात मशीन कोणतं ते विचारतो. पडद्यावर विचारायला कुणी नाही.

ग्राइंडरच्या चकत्या मात्र मी ऑनलाइन घेणं बंद केलं आहे. रेझिननं (राळेसारख्या चिकट पदार्थानं) बांधलेल्या कटिंग चकतीच्या मधल्या धातूच्या कड्यावर मुदतीचा महिना आणि वर्ष कोरलेलं असतं, सहसा बनवल्यापासून तीन वर्षांचं. ओलाव्यानं रेझिन कमजोर होतं, आणि चार इंची ग्राइंडर मिनिटाला अकरा-बारा हजार फेरे घेतो. त्या वेगात फुटलेली चकती डोळा घेऊ शकते. ८० मीटर प्रति सेकंदाची १०० मिमी चकती सुमारे १५,३०० फेऱ्यांपर्यंत चालते, तो आकडा तिच्यावर छापलेला असतो. तो आणि मुदत हातात घेऊन वाचल्याशिवाय चकती घेऊ नका, मग ती दहा रुपयांनी स्वस्त असो की पन्नास. कोकणात नेलेल्या चकत्या मी झाकणाच्या डब्यात कोरड्या ठेवते.

आता दापोलीचं दुकान. भाव विचाराल तर स्क्रू, प्लग, रंगाचे ब्रश सगळं पुण्यापेक्षा महाग, कारण माल घाट उतरून येतो आणि खप कमी. पहिल्या खरेदीला मला ते जड गेलं. पण भिंतीला फळ्या लावायच्या म्हणून मी रॉल प्लग (स्क्रू धरून ठेवायला भोकात ठोकायची नळी) मागितले तेव्हा गल्ल्यावरच्या भाऊंनी पुडी पुढं केलीच नाही.

“भिंत चिऱ्याची ना, वहिनी?”

हो म्हटल्यावर त्यांनी समजावलं. चिरा म्हणजे जांभा दगड. तो सच्छिद्र असतो, आत पोकळ्या असतात. ठोक्यावर ड्रिल मारलं की भोकाच्या कडा ढासळतात आणि छोटा प्लग गोल फिरत बसतो. म्हणून ड्रिल नुसतं फिरवायचं, ठोका बंद ठेवायचा, बिट प्लगपेक्षा एक मिलिमीटरनं बारीक घ्यायचा आणि प्लग लांब वापरायचा. जड फळी असेल तर चिऱ्यात सागाची खुंटी सिमेंटात बसवून तिच्यात स्क्रू मारायचा. पुण्याहून मी नेलेले प्लग विटेच्या भिंतीसाठी चांगले होते, तिथं निरुपयोगी ठरले. भाऊंनी सांगितल्याप्रमाणे लावलेल्या फळ्यांवर आज पितळेची भांडी आहेत आणि एकही स्क्रू हललेला नाही. हे ज्ञान कुठल्याही किंमत-तुलनेच्या तक्त्यात येत नाही, पण मी त्याचे पैसे आनंदानं देते.

पत्र्यांचंही तसंच. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमची कौलं गेली, तेव्हा घाईनं पत्रे घातले होते. त्यांच्या स्क्रूखालचे साधे रबरी वायसर उन्हानं तडकले आणि पाणी झिरपू लागलं. आता ईपीडीएम (ऊन-पाऊस सोसणारं रबर) वायसरचे, स्वतःच भोक पाडत जाणारे सेल्फ ड्रिलिंग स्क्रू घातले, आणि एका बाजूचे पत्रे बदलले. पत्र्याचे भाव काढताना एक गोष्ट कळली : ‘पॉइंट पन्नास’ म्हणून एक दुकान रंग आणि झिंकसकट जाडी सांगतं, दुसरं नुसत्या पोलादाची. म्हणून भाव जुळत नाहीत. यावर उपाय वजन. एक मिमी जाडीच्या एक चौरस मीटर पोलादाचं वजन ७.८५ किलो, म्हणजे अर्ध्या मिमीचं साधारण ३.९ किलो. पत्रा वळवण्याआधीची रुंदी धरून हिशोब करा आणि काट्यावर घाला. मी फुटाच्या भावात महाग वाटणारा पत्रा घेतला, कारण किलोच्या हिशोबात तोच स्वस्त पडत होता.

फ्लॅटच्या कोपऱ्यावरच्या दुकानाबद्दल तक्रार करण्यासारखं काही नाही. रात्री नळाचा वायसर गेला, फ्यूज उडाला, तर तेच उपयोगी पडतं. तिथं मी भाव विचारत नाही. न वापरलेले नग परत घेतात, यातच सगळं आलं.

दुरुस्तीची सेवा सगळ्यात उशिरा कळते. ड्रिलच्या मोटरमधून ठिणग्या दिसायला लागल्या तेव्हा डीलरनंच कार्बन ब्रश बदलून दिले. ते झिजणारे भाग आहेत, वॉरंटीत धरत नाहीत, पण जोडी शंभराच्या आसपास मिळते. तसंच मशीन चालवत राहिलं तर आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा गाभा, जळतं आणि खर्च हजारांत जातो. मूळ कंपनीचे ब्रश गावात मिळत नाहीत, म्हणून मी एक जादा जोडी घेऊन ठेवली आहे. छापील किमतीपेक्षा जास्त घेतले किंवा वॉरंटी नाकारली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. मला अजून गरज पडली नाही, पण नंबर वहीच्या पहिल्या पानावर आहे.

पुढचा मोठा खर्च विहिरीच्या पंपाचा. ऑनलाइन आणि आळीत तो दापोलीपेक्षा स्वस्त दिसतो आहे, तरी मी दापोलीतच घेणार. पंप मे महिन्यात, पाण्याची सगळ्यात जास्त ओढ असतानाच अडकतो, आणि दापोलीच्या दुकानदाराचा मेकॅनिक दुसऱ्या दिवशी विहिरीवर येतो. भाव पक्का करण्याआधी भाऊंनी विहिरीची खोली आणि टाकीची उंची मागितली आहे. येत्या शनिवारी दोरी सोडून दोन्ही मोजायची आहेत.