मान कडाकड मोडत नाहीत, म्हणून चार तारे

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या या फिजिओथेरपी क्लिनिकला माझ्याकडून चार तारे. पाचवा कशासाठी कापला ते पुढं येईलच.

मी गुजरीत, म्हणजे इथल्या सराफ बाजारात, सोनारकाम करतो. साजाची पानं, जवमणी, लाख भरणं, डाग देऊन सांधणं, असलं बारीक काम. बैठं टेबल, डोक्याला भिंग आणि मान कायम खाली. दुपार कलली की उजव्या बाजूला कवटीच्या मुळाशी ठणका सुरू व्हायचा आणि कानाच्या मागून वर सरकत उजव्या डोळ्यापाशी येऊन बसायचा. नंबर तपासून झाला, चष्मा बदलला, पित्त म्हणून कोकम सरबत प्यालो. फॅमिली डॉक्टरांनी तपासून सांगितलं की मूळ मानेत आहे, फिजिओकडं जा.

त्याआधी पेठेतल्या तालमीत वस्तादांकडून खांदे-मान चोळून घ्यायचो. त्यांचा हात गुणाचा, खोटं कशाला बोलू? तेल लावून अंगठा फिरवला की जेवणापर्यंत माणूस हलका. पण दुसऱ्या दिवशी टेबलाशी बसलं की पुन्हा तेच. एका ओळखीच्यानं गावाबाहेरच्या एकाचं नाव सुचवलं होतं, जो मान धरून एका झटक्यात कडाड आवाज काढतो. मोबाईलवर तसले व्हिडिओ ढिगानं बघायला मिळतात. तिकडं मी फिरकलो नाही. क्लिनिकच्या फिजिओ मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, "दादा, मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन शिरा मानेच्या मणक्यांतूनच वर जातात. झटक्यानं शीर आतून फाटल्याचं क्वचितच घडतं, पण घडलं तर पक्षाघातापर्यंत जातं."

या क्लिनिकची खरी किंमत पहिल्या तपासणीत आहे. मशीन लावायची घाई नाही. आधी प्रश्नच प्रश्न: दुखणं एकाच बाजूला असतं का, मान हलवली की वाढतं का, उलटी होते का, हाताला मुंग्या येतात का, डोक्याला मार लागला होता का, ताप असतो का. अचानक कधी नव्हे एवढं भयंकर डोकं दुखलं, बोलताना जीभ अडखळली, हातापायातली ताकद गेली किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असं दुखणं सुरू झालं, तर इथं न येता आधी डॉक्टरांकडं जायचं, हेही बजावलं. गोळ्यांचा हिशोबही मागितला. साधी वेदनाशामक गोळीसुद्धा महिन्यातले 15 किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांच्या वर चाललं, तर गोळीमुळंच डोकं दुखायला लागू शकतं म्हणे. मेडिकलवाला हे सांगत नाही.

मग उताणं झोपवून हनुवटी छातीकडं पूर्ण वाकवली आणि तशीच मान दोन्हीकडं वळवून बघितली. अशी वाकवली की खालचे मणके अडकतात आणि वळणं मुख्यतः वरच्या दोन मणक्यांतच होतं. धडधाकट मान दोन्हीकडं साधारण 45 अंश वळते. माझी डावीकडं व्यवस्थित गेली, उजवीकडं मात्र निम्म्यावरच थांबली आणि डोळ्यामागचा तोच ठणका जागा झाला. दुखणं मानेत आणि कळ डोळ्याला, हे कोडं तिथं सुटलं. मानेच्या वरच्या तीन नसा आणि चेहऱ्याची नस यांचे निरोप मज्जारज्जूत एकाच ठिकाणी पोचतात, त्यामुळं मेंदूचा पत्ता चुकतो.

उपचार हातानंच. कवटीच्या खालच्या बारक्या स्नायूंवर बोटांची टोकं टेकवून नुसता दाब धरून ठेवतात, मग वरच्या मणक्यांवर अंगठ्यांनी हळूहळू हेलकावे. गरम शेक असतो, पण थोडाच वेळ. ठोकून कडक झालेला पत्रा तापवून नरम करता येतो, तसा माझा समज होता की शेकानंच काम होईल. मानेला ते पुरत नाही. पुढच्या खेपेपासून व्यायाम सुरू झाला. मानेखाली हवेची छोटी पिशवी, तिच्या दाबाचा काटा 20 वर, आणि "हो" म्हणताना डोकं हलतं तेवढीच हनुवटी आत घेऊन काटा 22, मग 24, असं 30 पर्यंत न्यायचा. दिसायला पोरखेळ, पण माझी 24 लाच थरथर. घरी टॉवेलची कड मानेमागं धरून पुढं ओढत मान वळवायचा व्यायाम दिलाय. मूळ पद्धत मलिगन नावाच्या न्यूझीलंडच्या फिजिओथेरपिस्टची. ऑस्ट्रेलियात 200 रुग्णांवर झालेल्या आणि 2002 साली छापून आलेल्या अभ्यासात हाताचे उपचार आणि व्यायाम, दोन्हींनी अशी डोकेदुखी कमी झाली आणि फायदा वर्षभर टिकला, असंही मॅडमनी सांगितलं.

आता ठणका रोज येत नाही. लग्नसराईत ऑर्डरी वाढल्या की येतो, पण डोळ्यापर्यंत चढायच्या आत टॉवेलनं उतरवता येतो.

आता तक्रारी. क्लिनिक दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. गुडघेदुखीच्या म्हाताऱ्यांनी वर कसं चढायचं, हे विचारायला हवं. संध्याकाळी खाली गाडी लावायला जागा मिळाली तर नशीब. वेळ देऊनही बाहेर बराच वेळ बसावं लागतं आणि पेशंटमध्ये फक्त एक पडदा, त्यामुळं शेजारच्याची कंबर का धरली हे सगळ्या गल्लीला कळतं. फी एका बैठकीला चारशे. तालमीतल्या मालिशपेक्षा जास्त, पण लांबलचक पॅकेज गळ्यात मारत नाहीत. उलट "आता महिन्यानं या" म्हणून मला परत पाठवलं.

नुसतं पडून चोळून घ्यायची हौस असेल तर इथं जाऊ नका, तालीमच बरी. इथं व्यायाम केला नाही तर मॅडमना मानेला हात लावताच कळतं आणि सगळ्यांसमोर बोलणी बसतात.

गुजरीतल्या भावांसाठी एवढंच: मॅडमनी माझ्या बसण्याचा फोटो मागवून टेबलाखाली ठोकळे ठेवायला लावले, काम छातीच्या उंचीला आलं. सुताराकडून करून घेतले, ज्याला माप हवं त्यानं दुकानात या. क्लिनिकला मात्र सकाळी दहाच्या आत जा, तेव्हा गर्दी नसते.