टू-सेव्हंटी-टू-विन : नकाशा भारी, पण पडेल उमेदवाराचं काय?

अमेरिकेत अध्यक्ष कसा निवडून येतो ते डोक्यात शिरत नसेल तर आधी टू-सेव्हंटी-टू-विन (270toWin) ही साइट उघडा, फुकट आहे, जाहिराती येतात त्या झेलायच्या. प्रत्येक राज्याला ठरावीक इलेक्टोरल मतं असतात आणि बहुतेक ठिकाणी राज्य जिंकणाऱ्याला ती सगळीच मिळतात. राज्यावर क्लिक करत गेलं की लाल (रिपब्लिकन)-निळा (डेमोक्रॅट) रंग बदलतो आणि त्याबरोबर बेरीज हलते, 538 पैकी 270 झाले की गुलाल.

खरी मजा कधी, तर ठरलेली राज्यं रंगवून टाकायची आणि पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, ॲरिझोना, नेव्हाडा, नॉर्थ कॅरोलिना एवढी काठावरची सातच मोकळी ठेवायची. मग कळतं पेनसिल्व्हेनियाची 19 मतं हातची गेली की काय होतं, जॉर्जियाची 16 आणली तरी 3 कमीच पडतात, वर नेव्हाडा पण लागतं. नेब्रास्का आणि मेनमधली मतदारसंघवार मतं सुद्धा वेगळी रंगवता येतात (2008 ला ओबामांनी नेब्रास्कातल्या ओमाहाचं एक मत असंच काढलं होतं). 269-269 करून बघाच, मग फैसला प्रतिनिधीगृहात आणि तिथे प्रत्येक राज्याला एकच मत!

पण एखाद्या काठावरच्या राज्यात मागे पडलेल्या उमेदवाराचा प्रचार आखायचा म्हणाल तर हा नकाशा फार कामाचा नाही. कारण राज्य हजार मतांनी घ्या नाहीतर दहा लाखांनी, रंग तोच. 2016 ला डेमोक्रॅट हिलरी क्लिंटन यांच्या हातून मिशिगन 10,704 मतांनी गेलं, विस्कॉन्सिन 23 हजारांच्या आत, आणि हिलरीबाई प्रायमरीनंतर (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीनंतर) विस्कॉन्सिनला प्रचाराला फिरकल्याच नव्हत्या. मागे असलेल्याची सगळी लढाई त्या रंगाच्या आत असते, म्हणजे जिथे हरणारच आहोत तिथे किती कमी हरायचं. डेमोक्रॅट जॉन फेटरमन 2022 ला पेनसिल्व्हेनियात 'प्रत्येक काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा भाग), प्रत्येक मत' म्हणत सिनेटला उभे राहिले, मे महिन्यात स्ट्रोक आला तरी नोव्हेंबरात जवळपास 5 टक्क्यांनी जिंकले, ग्रामीण काउंट्या हरलेच पण बायडन 2020 ला जेवढ्या फरकाने हरले त्याहून कमी फरकाने. हे क्लिक करून कसं दिसणार?

पैशाचंही तसंच. मतदानाआधीच्या 60 दिवसांत टीव्हीवाल्यांना उमेदवाराला सगळ्यात स्वस्त दर द्यावा लागतो, सुपर पॅकला (उमेदवारापासून स्वतंत्रपणे पैसा खर्च करणाऱ्या प्रचारगटाला) ही सवलत नाही, म्हणून गरीब उमेदवाराच्या खात्यात थेट आलेला डॉलर जास्त जाहिराती विकत घेतो. हे माहीत नसेल तर नुसतं नकाशा रंगवून स्ट्रॅटेजिस्ट झाल्यासारखं वाटतं, आणि सोशल मीडियावर असे स्ट्रॅटेजिस्ट पोत्याने सापडतात.

गडद-फिकट छटा आहेत, पण त्याही आपल्याच अंदाजाने द्यायच्या. 1789 पासूनचे जुने नकाशे मात्र खजिना आहे, त्यात तास कसे जातात कळत नाही.

माझ्याकडून 5 पैकी 4. मोठ्या स्क्रीनवर उघडा, आणि शेजारच्या टॅबमध्ये त्या राज्याचे काउंटीवार निकाल ठेवा, मागच्या दोन निवडणुकांचे तरी.